पाच हजार डॉलरची गाडी घेतली आणि तीन महिने नुसती खोलून जोडली, त्या मिस्त्रीने पुढे क्रायस्लर कंपनी उभी केली

जुन्या गाडीचा टॉप गिअर लागत नाही म्हणून माणूस गॅरेजला जातो. मिस्त्री बॉनेट उघडायच्या आधीच जाहीर करतो की गिअरबॉक्स उतरवावा लागेल. गिअरबॉक्स उतरतो, खर्चाचा आकडा फुगतो, आणि शेवटी कळतं की एक वायर सुटली होती. हा अनुभव गाडी असलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी घेतलेला असतो.

पण शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत असा एक मिस्त्री होता, जो मशीन आधी ऐकायचा, मग समजून घ्यायचा आणि मगच पाना हातात घ्यायचा. या एका सवयीच्या जोरावर तो रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये झाडू मारण्यापासून जगातल्या सगळ्यात उंच इमारतीपर्यंत पोहोचला.

त्याचं नाव वॉल्टर पर्सी क्रायस्लर.

पगार निम्मा करून घेतलेला पोरगा

२ एप्रिल १८७५. कॅन्सस राज्यातल्या वॉमेगो गावात वॉल्टरचा जन्म झाला. वडील हेन्री रेल्वेत इंजिन ड्रायव्हर. घर एलिस नावाच्या रेल्वेच्याच गावात. सकाळ संध्याकाळ कानावर वाफेच्या इंजिनांचा आवाज पडायचा आणि पोराचं सगळं लक्ष तिकडेच असायचं.

शाळा संपली तेव्हा वडिलांचं म्हणणं होतं की पोराने कॉलेजला जावं. पोराला मात्र रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये अप्रेंटिस व्हायचं होतं. वडील हटेनात, तेव्हा पठ्ठ्याने त्याच वर्कशॉपमध्ये झाडू मारायचं काम धरलं. दिवसाचे दहा तास, तासाला दहा सेंट.

काही महिने त्याने फरशी अशी चकाचक ठेवली की शेवटी वडिलांनाच माघार घ्यावी लागली. वॉल्टर अप्रेंटिस झाला. पगार किती? तासाला पाच सेंट. म्हणजे झाडू मारताना मिळायचे त्याच्या निम्मे. तरी तो खूश होता, कारण आता हात इंजिनाला लागणार होते.

त्या काळात चांगली हत्यारं महाग असायची. वॉल्टरने स्वतःची हत्यारं स्वतः बनवली. धातू घासून, तापवून, पाणी देऊन. घरी रिकाम्या वेळात त्याने वाफेच्या इंजिनाचं एक छोटं चालतं मॉडेल तयार केलं आणि अंगणात रूळ टाकून ते पळवलं. डोक्यात प्रश्न आला की तो विज्ञान मासिकाला पत्र लिहून विचारायचा. पुढे पत्राने शिकवणाऱ्या संस्थेचा इंजिनिअरिंगचा कोर्सही केला. कॉलेजला न गेलेला पोरगा असा स्वतःचं कॉलेज स्वतःच चालवत होता.

इंजिनाचा श्वास ऐकणारा माणूस

वाफेचं इंजिन चालतं तेव्हा भक भक असा आवाज येतो. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात असे चार ठोके पडतात. चारही ठोके सारख्या अंतराने पडले तर इंजिन ठणठणीत. एखादा ठोका आधी पडला, उशिरा पडला किंवा दबका आला, तर समजायचं की वाफ आत सोडणाऱ्या व्हॉल्वचं वेळापत्रक बिघडलंय. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून छाती तपासतो, तसाच हा प्रकार.

हे व्हॉल्व बरोबर लावणं म्हणजे वर्कशॉपमधलं सगळ्यात नाजूक काम. वॉल्टर त्यात तरबेज झाला.

अप्रेंटिसशिप संपल्यावर तो भटकत राहिला. कधी या रेल्वेत, कधी त्या रेल्वेत. खिशात पैसे नसले की मालगाडीत बसून पुढचं गाव गाठायचं. शेवटी सॉल्ट लेक सिटीच्या लोको शेडमध्ये तो स्थिरावला. १९०१ मध्ये गावाकडच्या डेला फोर्करशी लग्न झालं.

याच शेडमध्ये एक दिवस एक इंजिन आलं. सिलिंडरचं झाकण उडालेलं आणि तेच इंजिन काही तासांत टपालगाडीला लावायचं. दुसरं इंजिन हाताशी नाही. एवढ्या वेळात हे काम होत नसतं, हे शेडमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. वरिष्ठांनी वॉल्टरला विचारलं. त्याने काम हातात घेतलं आणि टपालगाडी वेळेवर सुटली.

त्या दिवसानंतर वॉल्टर नुसता फिटर राहिला नाही. आधी फोरमन, मग वरच्या जागा. वयाच्या ३३ व्या वर्षी तो शिकागो ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या सगळ्या इंजिनांचा प्रमुख होता. आयोवा राज्यातल्या ओएलवाइन गावात त्याचं घर होतं, मुलं होती, बँकेत ७०० डॉलर होते. मध्यमवर्गीय माणसाचं सगळं कसं जागच्या जागी होतं.

आणि मग १९०८ मध्ये तो शिकागोचं मोटार प्रदर्शन बघायला गेला.

डेलाने विचारलं नसेल असं होणारच नाही

प्रदर्शनात लोकोमोबाइल कंपनीची एक पांढरीशुभ्र गाडी उभी होती. आतून लाल गाद्या. किंमत ५००० डॉलर. वॉल्टर तिच्याभोवती घुटमळत राहिला. परत परत जाऊन बघून आला.

७०० डॉलर जवळचे घातले आणि उरलेले ४३०० डॉलर शिकागोच्या एका बँकरकडून कर्जाऊ घेतले. आपल्याकडे कुणी चालू संसारात बायकोला न सांगता असं कर्ज काढलं तर घरात काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

गाडी रेल्वेने ओएलवाइनला आली. वॉल्टरला गाडी चालवता येत नव्हती, म्हणून घोडे जुंपून ती ओढत घरी आणली आणि मागच्या गोठ्यात उभी केली. डेला आणि मुलं चक्कर मारायला तयार झाली. पण चक्कर काही मिळाली नाही.

वॉल्टरने गाडी खोलायला घेतली.

एक एक भाग सुटा केला. कागदावर मांडला. चित्रं काढली. कुठला भाग कुठल्या भागाला हलवतो ते समजून घेतलं. मग परत जोडली. मग परत खोलली. असे तीन महिने गेले. रोज रात्री कामावरून आलं की गोठ्यात. गाडी मात्र एक इंचही पुढे गेली नाही.

तीन महिन्यांनी तो पहिल्यांदा चालवायला बसला तेव्हा शेजारीपाजारी जमले. गाडीने दोन चार गचके खाल्ले, खड्ड्यातून उडाली आणि शेजाऱ्याच्या बागेत जाऊन रुतली. परत घोडे आणावे लागले.

लोक हसले असतील. पण त्या दिवशी त्या गावात मोटार आतून कशी चालते हे समजलेला एकच माणूस होता आणि तो चिखलात उभा होता.

पगार पुन्हा निम्मा

पुढे रेल्वेतल्या साहेबांशी खटका उडाला आणि वॉल्टरने राजीनामा दिला. पिट्सबर्गला अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीत, म्हणजे इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यात तो लागला. तोट्यातला कारखाना त्याने नफ्यात आणला. पगार वाढून वर्षाला १२,००० डॉलर होणार होता.

तेवढ्यात जनरल मोटर्सच्या ब्यूक कंपनीत कामाची संधी आली. तिथे पगार मिळणार होता ६००० डॉलर. वॉल्टरने होकार दिला. झाडूवाल्याचा अप्रेंटिस होताना जे केलं तेच पुन्हा केलं. मशीनच्या जवळ जायचं असेल तर पगाराचं नंतर बघू.

फ्लिंट शहरातला ब्यूकचा कारखाना त्याने फिरून पाहिला आणि त्याला दुखणं लगेच सापडलं. तिथले बरेचसे कारागीर बग्गी बनवणारे होते. लाकूडकाम करणारी ही माणसं गाडीच्या चासीलाही देवघरातल्या फर्निचरसारखं जपायची. जो भाग गाडीखाली जाऊन चिखलाने माखणार, त्याला रंगाचे थरावर थर आणि मग वाळवण्यात दिवस. वॉल्टरने हे बंद केलं. गाड्या एका जागी उभ्या ठेवून बनवण्याऐवजी पुढे सरकवत बनवायला सुरुवात केली.

दिवसाला साधारण ४५ गाड्या निघायच्या, त्या २०० च्या घरात गेल्या.

तीन वर्षांनी त्याने मालकांकडे २५,००० डॉलर पगार मागितला. मिळाला. तो मिळाल्याबरोबर पुढच्या वर्षी ५०,००० लागतील हेही त्याने सांगून टाकलं. १९१६ मध्ये विल्यम ड्यूरंट जनरल मोटर्सच्या गादीवर परत बसला, तेव्हा त्याने वॉल्टरला वर्षाला पाच लाख डॉलर देऊ केले. पण ड्यूरंटचा हात फार सैल होता. एकहाती निर्णय आणि बेहिशेबी खर्च. वॉल्टरचं जमलं नाही. त्याने नोकरी सोडली, आणि नोकरी सोडताना तो लखपती होता.

सगळे म्हणाले गाडी भंगार, हा म्हणाला अॅक्सल बघा

१९२० नंतर अमेरिकेत मंदी आली. बँकांनी कर्ज दिलेल्या मोटार कंपन्या बुडायला लागल्या. बँकवाल्यांनी वॉल्टरला बोलावलं. आधी विलिस-ओव्हरलँड कंपनी सावरायला, वर्षाला दहा लाख डॉलर पगारावर. मग मॅक्सवेल कंपनी.

मॅक्सवेलची अवस्था बिकट होती. हजारो गाड्या न विकता पडून होत्या. ग्राहकांनी नाव टाकलं होतं. सल्ला देणाऱ्यांच्या दृष्टीने विषय संपलेला होता.

वॉल्टरने लोको शेडमधली जुनी पद्धत वापरली. पूर्ण गाडी वाईट आहे का, की गाडीतला एक भाग वाईट आहे? तपासलं तेव्हा कळलं की दुखणं मागच्या अॅक्सलमध्ये आहे. तिथला कमकुवतपणा गाडी रस्त्यावर बसवतोय. बाकी गाडी चालण्यासारखी होती.

मग नवीन गाडी काढायच्या फंदात न पडता पडून असलेल्या गाड्यांना मागे मजबुती दिली गेली. जाहिरातीत ही चांगली मॅक्सवेल आहे असं सरळ सांगितलं गेलं. किंमत उतरवली, गाडीमागे नफा अगदी नावापुरता ठेवला आणि साठा संपवला. कंपनी जिवंत राहिली. दुखणं नेमकं ओळखलं की औषध स्वस्त पडतं, ते असं.

हॉटेलच्या लॉबीत लागलेलं दुकान

कंपनी वाचली, पण वॉल्टरला स्वतःच्या नावाची गाडी हवी होती. त्याच्याकडे तीन तरुण इंजिनिअर होते. फ्रेड झेडर, ओवेन स्केल्टन आणि कार्ल ब्रीअर. तिघांनी मिळून एक गाडी तयार केली. सहा सिलिंडरचं ताकदवान इंजिन, चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर. ताशी ११० किलोमीटरच्या पुढे पळणारी. हे सगळं तेव्हा महागड्या गाड्यांतही एकत्र मिळत नव्हतं.

जानेवारी १९२४ मध्ये न्यूयॉर्कला मोटार प्रदर्शन होतं. आयोजकांनी सांगितलं की जी गाडी अजून बाजारात आलेली नाही ती इथे ठेवता येणार नाही.

वॉल्टरने मग कमोडोर हॉटेलची लॉबीच भाड्याने घेतली. मोटार धंद्यातले सगळे बडे लोक आणि बँकर याच हॉटेलात उतरायचे. प्रदर्शनाला जाताना आणि येताना त्यांना क्रायस्लरची गाडी दिसायचीच. तिथेच ५० लाख डॉलरचं कर्ज जमलं. पहिल्याच वर्षी साधारण ३२,००० गाड्या गेल्या.

६ जून १९२५ रोजी मॅक्सवेलच्या जागी क्रायस्लर कॉर्पोरेशन उभी राहिली. १९२८ मध्ये त्याने प्लिमथ आणि डिसोटो हे नवे ब्रँड काढले आणि आपल्यापेक्षा मोठी असलेली डॉज कंपनी विकत घेतली. टाइम मासिकाने त्या वर्षाचा मॅन ऑफ द इयर म्हणून त्याची निवड केली. १९३० मध्ये न्यूयॉर्कला १०४६ फूट उंचीची क्रायस्लर बिल्डिंग पूर्ण झाली. काही महिने ती जगातली सगळ्यात उंच इमारत होती. तिच्या वरच्या मजल्यावर, लोक शहर बघायला यायचे त्या जागी, त्याने काचेच्या पेटीत एक वस्तू ठेवली.

एलिसमध्ये स्वतःच्या हाताने बनवलेली हत्यारं.

मशीन बरोबर, गिऱ्हाईक चुकलं

आता येतो त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा धक्का.

कार्ल ब्रीअरच्या डोक्यात आलं की गाड्यांचा आकार हवेला अडवतो. वाऱ्याच्या बोगद्यात मॉडेलं ठेवून प्रयोग झाले. त्यासाठी विमानवाल्या ऑर्व्हिल राइट यांचाही सल्ला घेतला. यातून १९३४ मध्ये क्रायस्लर एअरफ्लो आली. गोलसर नाक, पोलादी सांगाडा, आत ऐसपैस जागा.

याच गाडीच्या काही मॉडेल्समध्ये एक नवीन गोष्ट होती. ओव्हरड्राइव्ह.

ओव्हरड्राइव्ह म्हणजे नेहमीच्या गिअरबॉक्सच्या मागे बसवलेला छोटा जादा गिअर. सायकलवर उतारावर आपण मोठा गिअर टाकतो आणि पाय निवांत फिरवतो, तसं. गाडीचा वेग तोच राहतो, पण इंजिनाचे फेरे साधारण ३० टक्क्यांनी कमी होतात. पेट्रोल वाचतं, आवाज कमी होतो, इंजिनाची झीज कमी होते. एअरफ्लोमध्ये ताशी साधारण ७० किलोमीटरचा वेग झाला की चालकाने फक्त अॅक्सिलरेटरवरून पाय उचलायचा. आतले फिरणारे खटके वेगामुळे बाहेर फेकले जायचे आणि गिअर आपोआप लागायचा. गाडीने स्वतः गिअर बदलण्याच्या दिशेने टाकलेलं हे एक पाऊल होतं.

तंत्र पुढचं होतं, पण गाडी पडली.

कारणं तीन. प्रदर्शनात गाडी दाखवली, पण कारखान्यातून बाहेर पडायला महिने लागले. आणि सुरुवातीला निघालेल्या गाड्यांत दोष निघाले. तिसरं कारण सगळ्यात साधं होतं आणि तेच सगळ्यात भारी पडलं. लोकांना तिचं तोंड आवडलं नाही. १९३७ नंतर एअरफ्लो बंद झाली.

व्हॉल्वचा चुकलेला ठोका कानाने ओळखणाऱ्या माणसाला गिऱ्हाइकाच्या मनातला ठोका ऐकू आला नाही. कंपनी तरली ती प्लिमथसारख्या साध्या, स्वस्त आणि नेहमीच्या तोंडवळ्याच्या गाड्यांमुळे. १९३५ मध्ये वॉल्टरने अध्यक्षपद के. टी. केलर यांच्याकडे सोपवलं आणि स्वतः चेअरमन म्हणून राहिला.

गंमत म्हणजे एअरफ्लोमधलं बरंच काही पुढे सगळ्या गाड्यांत आलं. हवा कापणारा आकार आला, इंजिन पुढे सरकवून आत वाढवलेली जागा आली आणि ओव्हरड्राइव्ह तर घराघरात पोहोचला.

शेवटची वर्षं

१९३८ मध्ये वॉल्टरला पक्षाघाताचा झटका आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डेला गेली. ७०० डॉलर बँकेत असताना ५००० डॉलरची गाडी घेणाऱ्या माणसाबरोबर तिने ३७ वर्षं संसार केला होता. तो त्यातून सावरला नाही.

त्याच सुमारास त्याच्या कंपनीने फ्लुइड ड्राइव्ह आणला. एक पंखा चालू करून समोर दुसरा बंद पंखा ठेवला तर हवेने दुसराही फिरायला लागतो. इथे हवेच्या जागी तेल. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलाचा दुवा. आजच्या ऑटोमॅटिक गाड्यांतला टॉर्क कन्व्हर्टर याच घराण्यातला.

१८ ऑगस्ट १९४० रोजी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर वॉल्टर क्रायस्लरचं निधन झालं. वय ६५.

कुर्ल्यापर्यंत आलेला धागा

सोलापूरचे वालचंद हिराचंद भारतात मोटार कारखाना काढायच्या खटपटीत होते. त्यांनी हात मिळवला तो क्रायस्लर कंपनीशी. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि मुंबईच्या कुर्ल्यातल्या कारखान्यातून डॉज, डिसोटो, प्लिमथ या गाड्या जोडून बाहेर पडू लागल्या. याच प्रीमियरने पुढे फियाटबरोबर काम केलं आणि त्यातूनच मुंबईची काळीपिवळी पद्मिनी आली.

आणि आज तुमच्या गाडीचा ओव्हरड्राइव्ह लागत नसेल तर?

वॉल्टर असता तर त्याने गिअरबॉक्सला हात लावायच्या आधी काय केलं असतं, हे त्याच्या आयुष्यावरून समजतं. तीच पद्धत जुन्या ऑटोमॅटिक गाडीला आजही लागू पडते.

आधी ऑइल बघायचं. पातळी कमी आहे का, रंग काळपट झालाय का, जळका वास येतोय का. मग गाडीतलं ओव्हरड्राइव्हचं बटण चुकून बंद तर नाही ना. बऱ्याच गाड्यांत ओव्हरड्राइव्ह बंद असल्याचा दिवा लुकलुकत असेल तर गाडीच्या कॉम्प्युटरने बिघाडाचा कोड साठवून ठेवलेला असतो, तो वाचून घ्यायचा. इंजिन पुरेसं तापतंय का हेही बघायचं. थर्मोस्टॅट उघडाच अडकला असेल तर इंजिन थंड राहतं आणि बऱ्याच गाड्या थंड इंजिनावर टॉप गिअर लावतच नाहीत. त्यानंतर वायरी, वेगाचा सेन्सर आणि सोलेनॉइड.

एक गोष्ट अजून. चार गिअरच्या गाडीत कन्व्हर्टरचं लॉकअप हा जणू पाचवा गिअर वाटतो आणि दोन्हींत घोळ होतो. मोकळ्या रस्त्यावर एका वेगाने जाताना ब्रेकला पायाने हलकं टेकवलं आणि इंजिनाचे फेरे थोडे वाढले, तर सुटलं ते लॉकअप. म्हणजे लॉकअप चालू आहे.

हे सगळं तपासूनही दुखणं सापडलं नाही, तर मग गिअरबॉक्स उतरवायचा.

ओएलवाइनच्या गोठ्यात वॉल्टरने तीन महिने गाडी खोलली होती खरी. पण तेव्हा ती बिघडलेली नव्हती. धडधाकट गाडी कशी चालते हे आधी कळलं, म्हणून पुढे बिघडलेली कळत गेली.